सुभेदारांची फुली

माझे सासरे मला बघायला म्हणून सांगलीला आले, तेव्हा त्यांनी माझ्याआधी आमची गाडी बघितली.

बाकीचे पाहुणे चपला काढून आत आले, पाणी प्यायले, पाऊसपाण्याच्या गप्पा सुरू झाल्या, तरी मुलाच्या वडिलांचा पत्ता नव्हता. आईनं खिडकीतून डोकावलं, तर पांढरा सदरा, कडक इस्त्रीची पँट आणि चकचकीत काळे बूट घातलेला एक उंचपुरा माणूस आमच्या दारातल्या गाडीच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. काही हरवलं असेल म्हणून बाबा लगबगीनं बाहेर गेले. थोड्या वेळानं दोघं आत आले. पाहुण्यांनी पोह्यांची बशी घेतली आणि मी समोर ट्रे धरून उभी असताना, माझ्याकडं न बघता ते बाबांना म्हणाले, "डाव्या अंगाच्या पुढच्या चाकात हवा कमी हाय. आन टायर आतल्या कडंनं झिजतंय. अलाइनमेंट करून घ्या. पोरीबाळी बसत्यात गाडीत."

सासऱ्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. पाहुणे गेल्यावर बाबा खवळले. "मुलगी बघायला आले होते की गाडी?" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी गुपचूप गॅरेजात नेऊन दाखवली आणि परत आल्यावर स्थळाबद्दलचं त्यांचं बोलणं एकदम मऊ झालं. माझं लग्न टायरनं जमवलं, असं मी माहेरी अजून सांगते.

रहिमतपुरात आमचं घर ज्या गल्लीत आहे तिथं त्यांना सगळे सुभेदार म्हणत. घरात ते आप्पा. सैन्यातली सगळी नोकरी त्यांनी गाड्यांबरोबर काढली होती, डोंगरातल्या रस्त्यांवर रसद नेणारे ट्रक आधी स्वतः चालवून आणि मग दुसऱ्यांकडून चालवून घेऊन. निवृत्त होऊन आले तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं, आता हा माणूस उसाच्या बांधावर बसून गप्पा मारेल. आप्पांनी एक पांढरी गाडी घेतली आणि गल्लीचीच पलटण केली.

रोज सकाळी अंघोळ झाली की चहाच्या आधी त्यांची फर्स्ट परेड असायची. सैन्यात गाडी चालू करण्याआधी ड्रायव्हरनं तिची जी तपासणी करायची, तिला म्हणे फर्स्ट परेड म्हणतात. बॉनेट उघडायचं. ऑइलची पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढून उजेडात धरायची. पाणी, ब्रेक ऑइल, बॅटरीची टोकं. मग गाडीखाली वाकून जमिनीवर काही ठिबकलंय का ते बघायचं. मग चाकं. सदऱ्याच्या खिशात इतरांच्या पेन असतो तसं त्यांच्या खिशात हवा मोजायचं गेज असे. गाडी त्या दिवशी कुठं जाणार असो वा नसो, परेड चुकायची नाही. बहुतेक वेळा गाडी कुठं जाणार नसायचीच. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्या, चहा गार होत असताना दारातून म्हणायच्या, "माझं गुडघं कवाचं वाजत्यात, तिकडं तेलाचा थेंब न्हाई. गाडीच्या दाराच्या बिजागऱ्यांस्नी मातूर दर ऐतवारी."

"तुझं गुडघं वाजत्यात तवा तू सांगतीस तरी," आप्पा बॉनेटमधून म्हणायचे. "गाडीनं कुणाला सांगायचं?"

अशी वाक्यं त्यांच्याकडं ठेवणीतली होती. पंपावर लांबून पळवत आणलेल्या गाडीची हवा कुणी मोजायला लागला, की ते म्हणत, "थंड चाकाची हवा बघायची गड्या. पळून आलेल्या माणसाची नाडी बगून ताप हाय म्हणशील व्हय?" कुणी टायर जास्त दिवस टिकावा म्हणून हवा ठासून भरली की म्हणत, "पोट भरलं तरी वाढायला तू काय त्याची आजी हायस?" मला गाडी त्यांनीच शिकवली. पहिले काही दिवस किल्ली हातातच दिली नाही, नुसती परेड. मी कंटाळून म्हटलं, "आप्पा, मला ड्रायव्हर व्हायचंय, मेकॅनिक नाही." तर म्हणाले, "सैपाक करणाऱ्यानं मीठ हाय का ते आधी बगावं का नगं?" नंतर रस्त्यावर काढल्यावर एक गोष्ट मात्र त्यांनी माझ्याकडून पोपटासारखी वदवून घेतली होती. टायर फुटला तर ब्रेकवर पाय द्यायचा नाही. स्टेअरिंग घट्ट धरायचं आणि गाडीला आपोआप दमू द्यायचं.

इथवर सगळं कौतुकाचं आहे. आता खडूचं सांगते.

गेजाशेजारी, त्याच खिशात, खडूचा एक तुकडा असायचा. टायर गुळगुळीत झालेला, कुठं फुगवटा आलेला किंवा चीर पडलेला दिसला, की आप्पा त्याच्यावर पांढरी फुली मारत. स्वतःच्या गाडीवर नव्हे, तशी वेळच यायची नाही. दुसऱ्यांच्या. गल्लीतल्या, बाजारातल्या, आणि सगळ्यांत जास्त मंगल कार्यालयाच्या बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवर. लग्नाला गेलो की आम्ही आत अक्षता हातात घेऊन उभे, आणि आप्पा बाहेर गाड्यांच्या रांगेतून उकिडवे बसत, उठत, पुन्हा बसत चाललेले. मंगलाष्टका संपेपर्यंत त्यांची रांग संपायची. जेवून तृप्त होऊन बाहेर आलेल्या माणसाला आपल्या चाकावर फुली दिसायची, आणि शेजारी चारचौघं ती बघत उभे असायचे.

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी सांगलीच्या चार भिंतींत वाढलेली, बँकेत नोकरी करणारी बाई. आमच्याकडं दुसऱ्याच्या साडीला पडलेलं भोकसुद्धा आपल्याला दिसलं नाही असं करतात. लोणंदच्या एका लग्नात एका जाड सोन्याची साखळी घातलेल्या गृहस्थानं फुली बघून आरडाओरडा केला, "कोण हा म्हातारा? कुणाचा माणूस हाय?" माझा नवरा, संजय, पुढं झाला. मी पदर सारखा करण्याच्या निमित्तानं खांबामागं गेले. आप्पा शांतपणे म्हणाले, "फुली पुसा की पावणं. पर चाक बी बदला. नुसती फुली पुसलेली चाकाला कळत न्हाई."

आम्ही सांगलीत घर घेतलं, त्या वास्तुशांतीला आमच्या बँकेचे साहेब आले होते. जाताना त्यांच्या नव्याकोऱ्या दिसणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकावर फुली. साहेब हसले. पण कसे हसले ते मलाच ठाऊक. त्या रात्री मी संजयला म्हटलं, "त्यांना सांग, माझ्या माणसांच्या गाड्यांना हात लावायचा नाही." तो म्हणाला, "तू सांग." दोघांनीही सांगितलं नाही. सांगणार कसं? त्यांचं म्हणणं खोटं असतं तर सांगता आलं असतं.

फुलीची एक गोष्ट मात्र गल्लीनं मान्य केली होती. आप्पांच्या गाडीत बसलेल्या माणसाला काळजी नाही. त्यामुळं अडलेली बाई दवाखान्यात न्यायची तर आप्पांची गाडी, आणि नवरी मुलगी लग्नाला न्यायची तर आप्पांची गाडी, असा पायंडाच पडून गेला. गल्लीतल्या कितीतरी मुली त्या पांढऱ्या गाडीतून सासरी गेल्या. आप्पा त्यातल्या प्रत्येकीला 'माझी लेक' म्हणत. त्यांना स्वतःला मुलगी नव्हती.

समोरच्या घरातला नामदेव हा त्यांचा शाळेपासूनचा सोबती. ऊस पिकवणारा, गरीब स्वभावाचा, बोलण्यात मागं आणि कामात पुढं. त्याच्या शीतलचं लग्न सांगलीच्या स्थळाशी ठरलं. मुलाकडचं कार्यालय सांगलीत. नामदेवाकडं त्या वर्षी जुनी का होईना, पण स्वतःची जीप आली होती, आणि त्याच्या मनात होतं की लेकीला आपल्या जीपमधून न्यावं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं असं काही मनात धरलं असेल. पहाटेच त्यानं जीपला झेंडूच्या माळा बांधल्या, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली.

आम्ही लग्नासाठी आदल्या दिवशीच रहिमतपूरला गेलो होतो. त्या संध्याकाळी आप्पांनी आपल्या गाडीचं मागचं एक चाक काढलं. उसाच्या फडाकडं गेले असताना तोडलेल्या उसाच्या बुडख्यानं त्याला चीर पडली होती. त्याच्या जागी त्यांनी स्टेपनी चढवली. ही स्टेपनी म्हणजे त्यांचा अभिमान. गाडी घेतली त्या दिवसापासून ती डिकीत निजून होती. बाकीची चार चाकं ते नेमानं पुढची मागं, मागची पुढं करत, पण स्टेपनीला कधी रस्ता दाखवला नव्हता. तिची हवा मात्र दर रविवारी बघत. चाक चढवून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "हात फिरवून बग. केसं बी झिजली न्हाईत." नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते खरंच तसेच होते. "नव्या नवरीला कोरं लुगडं नेसवत्यात का न्हाई? मग चाक बी कोरंच पायजे."

सकाळी निघायच्या वेळेला गल्ली माणसांनी भरलेली. शीतल शालू नेसून, हातात हिरवा चुडा भरून दारात आली. नामदेवानं जीपचं दार उघडलं. तेवढ्यात आप्पा जीपच्या पुढच्या चाकापाशी बसले.

"सुभेदार, आज नगं," नामदेव हळूच म्हणाला.

"आज नगं म्हंजे? आजच तर बगायचं." आप्पांनी टायरवरून अंगठा फिरवला. "गोटा झालाय पार. नक्षी म्हणून न्हाई राहिली."

"लग्न झालं की बदलतो. सावकाश नेतो मी."

आप्पांनी खिशातून खडू काढला आणि त्या चाकावर, कुंकू लावलेल्या, लिंबू ठेवलेल्या चाकावर, पांढरी फुली मारली. सगळ्या पाहुण्यांसमोर. "ह्या चाकावर पोरीला बसवतोस? बाप हायस का कोण हायस रं तू तिचा?"

 नामदेव मान खाली घालून उभा राहिला. मग त्यानं स्वतःच्या हातानं जीपच्या माळा सोडल्या आणि आप्पांच्या गाडीला बांधल्या. त्याची बायको कुसुमाक्का, शीतल आणि मी आप्पांच्या गाडीत बसलो. मागून वऱ्हाडाच्या गाड्या निघाल्या, आणि त्यात फुली मारलेली जीप चालवत नामदेव.

कराड सोडलं तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. आप्पा खुशीत होते. शीतलला मागं वळून न बघताच चिडवत होते. सासूला पहिल्या दिवशी काय विचारायचं, तर म्हणे गाडी हाय का आन शेवटची सर्व्हिसिंग कवा केली. ती रडता रडता हसत होती. आणि मागच्या बाजूला मोठा आवाज झाला.

आप्पांनी ब्रेक दाबला नाही. मला शिकवलं होतं तसंच स्टेअरिंग धरून ठेवलं. गाडी शेपूट हलवल्यासारखी इकडून तिकडं गेली, मधल्या दुभाजकाला घासत लांबवर गेली आणि थांबली. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर आज हे लिहायला मी नसते. हेही सांगितलं पाहिजे, कारण नंतर हे कुणीच म्हणालं नाही. आप्पांनी तर नाहीच.

कुसुमाक्कांचा हात मनगटाच्या वर मोडला होता. शीतलच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. पण कुसुमाक्का स्वतःच्या हाताकडं बघतच नव्हत्या. त्या लेकीच्या हातांकडं बघून ओरडल्या, "चुडा! पोरीचा चुडा वाढला!"

गाडीभर हिरव्या काचा पडल्या होत्या. लग्नाच्या सकाळी, बोहल्यावर चढायच्या आधी.

आप्पा खाली उतरले आणि मागच्या चाकापाशी बसले. टायरचा वरचा पट्टा सोलून निघाला होता. ते त्याच्यावरून बोटं फिरवत होते. नक्षी तशीच. केस तसेच. "कोरं हाय," ते म्हणाले. कुणाला ते कळलं नाही. "कोरं हाय की हे."

मागून जीप आली. नामदेव उतरला, त्यानं बायकोचा हात बघितला, लेकीचं कपाळ बघितलं आणि दोघींना जीपमध्ये बसवलं. माळा काढायला वेळ नव्हता, त्या आमच्या गाडीवरच राहिल्या. शीतल आपल्या लग्नाला गेली ती फुली मारलेल्या चाकावर बसून. जीप निघाली तेव्हा ती फुली गोल फिरताना आप्पांनी बघितली. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. साठी उलटलेल्या माणसाला शरमेनं असं लाल झालेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं, आणि नंतरही बघायची इच्छा नाही.

जवळच्या टायरवाल्याला बोलावून आणलं. त्यानं टायरच्या बाजूवर छापलेले चार आकडे दाखवले. कुठल्या वर्षातल्या कुठल्या आठवड्यात टायर तयार झाला ते त्यात असतं. "लय जुनं हाय काका. वापरलं नसलं तरी रबर वाळतंच की. पडून पडून मेलं हुतं हे." तो साधेपणानं बोलला आणि कामाला लागला. आप्पा त्या आकड्यांकडं बघत राहिले. हजारो टायरवर हात फिरवलेला माणूस, पण तेवढ्या जागेकडं त्यांचं बोट कधी गेलं नव्हतं.

कार्यालयात आम्ही उशिरा पोचलो. कासाराला बोलावून शीतलच्या हातात नवा चुडा भरला होता. लग्न लागलं होतं. कुसुमाक्का हात गळ्यात बांधून, चेहरा हसरा ठेवून पाहुण्यांच्या पंगतीवर लक्ष ठेवत होत्या. आप्पा आत आले नाहीत. बाहेर गाड्यांच्या रांगेत, एका कडुलिंबाखाली, बूट घातलेल्या पायांकडं बघत बसले. पहिल्यांदाच ते गाड्यांमध्ये होते आणि एकाही चाकाकडं बघत नव्हते.

नामदेव पत्रावळ घेऊन बाहेर आला. "जेवा सुभेदार."

"नाम्या, मला शिवी दे."

"लाडू कळीचं हायत. जेवा."

"आरं, मी सकाळी काय बोललो तुला! बाप हायस का म्हणालो."

"काळजीपोटीच बोललासा न्हवं? जेवा."

नामदेवानं तेव्हाच काय, पुढंही कधी एक वाकडा शब्द काढला नाही. तो चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, फिटलं असतं. त्याच्या भलेपणाखाली आप्पा दबून गेले.

गल्ली मात्र नामदेवासारखी नव्हती. समोर सगळे "काय लागलं न्हाई न्हवं सुभेदार?" असं विचारत आणि पाठ वळली की हसत. काही दिवसांनी आम्ही रहिमतपूरला गेलो होतो, सकाळी उठून बघतो तर दुरुस्त होऊन आलेल्या पांढऱ्या गाडीच्या चारही चाकांवर खडूच्या फुल्या. कुणाचं काम, ते कळलं नाही. संजय ओलं फडकं घेऊन पुसायला धावला. आप्पा ओट्यावरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

"आप्पा, लोक बघतायत."

"बगू दे. मी मारल्या तवा बी बगतच हुते." थोड्या वेळानं म्हणाले, "बराबर हाय."

त्या फुल्या पुढच्या पावसानं धुतल्या. मला त्या दिवशी गल्लीची लाज वाटली, आणि गल्लीला नावं ठेवताना माझ्या लक्षात आलं की अशी एखादी फुली त्यांच्यावर कुणीतरी मारावी, असं वास्तुशांतीच्या रात्री मलाही वाटलं होतं. मागितलेलं मिळालं की माणसाला कसं वाटतं, ते मला कळलं.

फर्स्ट परेड बंद झाली. चहा गरम असताना पिऊन होऊ लागला आणि आत्यांना तो गरम चहा सोसेना. "आवं, एकदा बगा तरी गाडीकडं," त्या म्हणत, "तिचं काय चुकलंय?" आप्पा गाडीकडं जात, पण निराळ्याच कामाला. ओल्या कापसाचा बोळा घेऊन मागच्या सीटच्या फटीत अडकलेल्या बांगडीच्या काचा टिपत बसत. ते काम संपतच नव्हतं. अपघाताबद्दल ते एकदाच माझ्याशी बोलले, तेही असंच काचा टिपताना.

"फौजेत टायर म्हातारं झालेलं मी कवा बघितलंच न्हाई," ते म्हणाले. "म्हातारं हुयाच्या आधीच झिजून जायचं. डोंगरातली वाट, वर वजन. झिजलं की काढायचं, एवढंच ठावं. न वापरता बी काय मरतं, हे कुठं ठावं हुतं?" मग बोटाला टोचलेली काच काढत म्हणाले, "आन मी गावभर फुल्या मारत हिंडलो."

शीतल माहेरी आली की मुद्दाम समोर येई. "आप्पा, मला येष्टी स्टँडपातूर सोडा की गाडीनं." ती सुखात होती, तिच्या मनात काही नव्हतं. आप्पा किल्ली संजयच्या हातात देत आणि आत जात. दसऱ्याला गल्लीतल्या गाड्या धुऊन, हार घालून रांगेत लागल्या. एरवी पूजेआधी आप्पा ती रांग तपासत. त्या वर्षी ते ओट्यावर बसून होते. नामदेवानं जीप आणून बरोबर त्यांच्या दारात उभी केली. चारही टायर नवे. त्यानं वाण्याकडून आणलेला खडू पुढं केला.

"बगा सुभेदार."

"चांगली हायत."

"न बगताच?"

"तू बघितलीस न्हवं नामदेव? मग झालं."

नाम्याचा नामदेव झाला होता. नामदेवानं खडू खिशात टाकला आणि स्वतःच चाकांना हळदकुंकू लावायला लागला.

आम्ही सांगलीहून दर सुट्टीला जायचो. पूर्वी परत निघताना आमच्या गाडीची झडती व्हायची, निघायला उशीर व्हायचा, मी घड्याळाकडं बघत चरफडायची. आता ते आतूनच "सावकाश जावा" म्हणत. आम्ही वेळेवर निघत होतो. मला कधी वाटलं नव्हतं की वेळेवर निघण्याचा इतका कंटाळा येईल.

मग ती दिवाळी. आम्ही सामान भरून निघण्याच्या तयारीत होतो. गुळाची ढेप, शेंगांचं पोतं, आत्यांनी दिलेल्या फराळाचे डबे, सगळं डिकीत गच्च बसवलं होतं. आप्पा बाहेर आले. पायात बूट नव्हते, साध्या चपला होत्या. थकले होते, हे त्या दिवशी उजेडात नीट दिसलं. गाडीपासून दोन हात लांब उभे राहिले आणि संजयकडं न बघता म्हणाले, "बगू का?"

आयुष्यात कुणाच्या गाडीला हात लावताना ज्यांनी कुणाला विचारलं नाही, ते स्वतःच्या मुलाला विचारत होते.

"बघा की आप्पा," संजय म्हणाला. 

आप्पा गुडघ्यावर हात रोवत खाली बसले. गेज लावून हवा बघितली. चिखल अंगठ्यानं पुसून टायरच्या बाजूवरचे आकडे शोधले, डोळे बारीक करून वाचले. चारही चाकं झाली. मग डिकीकडं बघून घुटमळले. स्टेपनी डिकीच्या तळाशी होती.

मी डबे काढायला लागले. पोतं, ढेप, डबे, माझी साड्यांची पिशवी, सगळं भर रस्त्यात मांडलं. गल्ली दारादारांतून बघत होती. समोर ओट्यावर नामदेव उभा होता. बघू देत, असं मला वाटलं. इतकी वर्षं ज्याची लाज वाटली, ते मी स्वतःच्या हातानं रस्त्यावर मांडत होते.

आप्पांनी स्टेपनीवरचे आकडे वाचले. पुन्हा वाचले. त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला, खडू नसलेल्या खिशात थोडा वेळ राहिला आणि परत आला.

"ही बदलून टाका," ते म्हणाले. "नक्षी हाय, पर वय झालंय तिचं." मग उठता उठता, जमिनीकडं बघत, हलक्या आवाजात म्हणाले, "मी सांगतूय म्हणून न्हवं. दुकानदाराला इचारा."

संजयनं सामान पुन्हा भरलं. गाडी गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा मी आरशात बघितलं. आप्पा तिथंच उभे होते, टायरच्या चिखलानं माखलेला अंगठा सदऱ्याला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून. आणि समोरच्या ओट्यावरून उतरून नामदेव पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याकडं येत होता. मी त्यांना बघितलं ते तेवढंच. त्या थंडीतच ते गेले.

त्या दिवशी वाटेत कराडला आम्ही एका टायरच्या दुकानाशी थांबलो. संजयनं डिकी उघडली, पुन्हा सगळं सामान बाहेर काढलं आणि स्टेपनी बदलून घेतली.

दुकानदाराला आम्ही काहीच विचारलं नाही.